माघारलेली लाट

सरकारी जहाजातून त्या खेपेला आयलुक बेटावर तांदळाची पोती उतरली, डिझेलची पिंपं उतरली आणि लिजेमा उतरली. पोती आणि पिंपं किनाऱ्यावर पडून राहिली. लिजेमा मात्र वाळूतून तरातरा चालत थेट इसाओ म्हाताऱ्याच्या घरामागे येऊन उभी राहिली. म्हातारा निखाऱ्यांवर निरफणस भाजत बसला होता. त्याला वाटलं, जनगणनेवाली आली.

"माणूस एक, डुकरं दोन. लिहून घे आणि जा," तो मान वर न करता म्हणाला.

"मी माणसं मोजायला नाही आले, आजोबा. शब्द गोळा करायला आलेय. माजुरोच्या कॉलेजातून."

"शब्द म्हणजे काय शिंपले आहेत, गोळा करायला?"

"तसंच समजा. आपल्या भाषेचा मोठा कोश करतोय आम्ही. एका शब्दासाठी अर्नोला गेले, नामूला गेले, लिकिएपला गेले. जाईन तिथे एकच उत्तर. इसाओला विचार म्हणे, आता त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

म्हाताऱ्याच्या हातातली काडी थांबली. कुठला शब्द, हे त्याला विचारावं लागलं नाही. पन्नास वर्षं तो या प्रश्नाची वाट बघत होता, चोर शिपायाची वाट बघतो तशी.

शब्द होता माघारणं. पूर्वेकडून दर्याची मोठी लाट येते, बेटावर आपटते आणि तिचा थोडासा अंश उलटा फिरून समुद्रात परत जातो. वर वाऱ्याच्या लाटांचा धिंगाणा चाललेला असतो, त्याच्या खालून ही बारीक लाट मैलोन्‌मैल चालत राहते. बेट अजून दिसत नसतं, पण बेटावरून माघारलेली लाट होडीच्या तळाला येऊन टेकते. जाणता माणूस होडीत आडवा पडतो, डोळे मिटतो आणि पाठीला ती लागली की सांगतो, बेट अमुक अंगाला आहे. आमच्या बेटांना डोंगर नाहीत. नारळाच्या शेंड्यांहून उंच काही नाही. चार कोसांवरून चुकलात की चुकलातच. म्हणून ज्याला ती लाट कळते तो दर्यावर्दी, आणि बाकीचे आम्ही सगळे मासे पकडणारे.

"हल्ली पोरं बास्केटबॉलच्या चेंडूला वापरतात तो शब्द," लिजेमा म्हणाली. "फळीवर आपटला, माघारला. तुम्ही सांगितलं नाहीत तर कोशात तेवढाच अर्थ जाईल."

"जाऊ दे की. चेंडूसुद्धा माघारतोच."

"आजोबा!"

"अगं, ही विद्या अशी कुणालाही सांगायची नसते. इरोजची परवानगी लागते."

इरोज म्हणजे आमच्या बेटांचा धनी. त्याच्या शब्दाबाहेर दर्याची गोष्ट कुणी बोलत नाही. म्हाताऱ्यानं हा हुकमी पत्ता टाकला आणि निरफणस उलटा केला. पण पोरगी सगळी तयारी करून आली होती.

"परवानगी आणलीय. इरोजनी काल रेडिओवर सांगितलं. तुम्ही मला शिकवायचं, वोट्जे बेटापर्यंत होडीतून नेऊन परीक्षा घ्यायची. तुम्ही 'हो' म्हणालात की मी कॉलेजात होड्यांच्या वर्गाला शिकवणार. चाळीस पोरं नाव देऊन बसलीत."

"मुलीला?"

"इरोजनी विचारलं नाही, ते तुम्ही विचारताय?"

इसाओनं निरफणस फोडला, अर्धा तिच्या हातात ठेवला आणि गुडघा दुखतोय असं सांगून घरात निघून गेला.

आता खरं काय ते मीच सांगून टाकतो, कारण म्हातारा एवढ्यात काही सांगणार नाही. इसाओला ती लाट कधी कळलीच नव्हती. एकदासुद्धा नाही.

त्याचा मामा लाकोमा खरा दर्यावर्दी. आमच्यात विद्या मामाकडून भाच्याकडे जाते. इसाओ वीस वर्षांचा झाला तेव्हा लाकोमा खोकून खोकून नुसता सापळा उरला होता, आणि भाचा एकच. मामानं त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि त्याला प्रवाळाच्या भिंतीबाहेर पाण्यावर उताणं तरंगत ठेवलं. पहिल्या दिवशी विचारलं, "माघारली का?" इसाओ म्हणाला, नाही. दुसऱ्या दिवशी, नाही. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी इरोज स्वतः आलेला, डुक्कर कापलेलं, आई किनाऱ्यावर डोक्यात फुलांचा गजरा घालून उभी. मामा होडीत बसून पोरासारखा रडत होता. "अरे, मी चाललो. माझ्यामागे कुणाला ठेवू? सांग बाबा, माघारली का?"

इसाओला पाणी लागत होतं. पाणी म्हणजे पाणी. थंड, खारट आणि सगळीकडून सारखं.

"माघारली," तो म्हणाला.

"कुठल्या अंगानं?"

डोळ्यांना फडकं होतं, कानांना नव्हतं. भिंतीवर फुटणाऱ्या लाटेचा आवाज डावीकडून येत होता. "डाव्या," इसाओ म्हणाला. मामानं पाण्यात उडी टाकून त्याला मिठी मारली. किनाऱ्यावर बायकांनी गाणं धरलं. महिनाभरानं लाकोमा गेला, तो शांतपणे गेला, म्हणजे इसाओनं अगदीच वाईट केलं असंही म्हणवत नाही.

पण त्या दिवसापासून इसाओ एकटा पडला. मूर्ख नव्हता तो, उलट भलताच हुशार. पाखरं पहाटे कुठून उठतात आणि सांजेला कुठे परततात, ढगाच्या पोटाला खाडीच्या पाण्याची हिरवी झाक कुठे येते, कुठला तारा कुठल्या बेटावर मावळतो, हे सगळं त्यानं पाठ केलं. होडीत आडवा पडायचा, डोळे मिटायचा, कण्हल्यासारखं करायचा आणि पापण्यांच्या फटीतून पाखरं शोधायचा. पाखरं घरी परततात सांजेला, म्हणून त्याच्या साऱ्या सफरी नेमक्या सांजेलाच पोचायच्या. लोक म्हणायचे, वाहवा, इसाओचं गणित बघा कसं पक्कं! पुढे होकायंत्रं आली, इंजिनाच्या बोटी आल्या, उपग्रहावरून वाट दाखवणाऱ्या डब्या आल्या. त्याला कुणी विचारेना. नाव मात्र राहिलं, आणि दुसरे जाणते एकेक करून गेले तसं ते वाढतच गेलं. लग्नात त्याला मानाचं पान. चर्चमध्ये पहिला बाक. घरी आल्यावर अंथरुणावर पडून तो छताकडे बघत बसे, आणि ही गोष्ट बोलायला जगात एक माणूस नव्हतं.

एक होतं खरं तर. बायको, लिबोन. लग्नाला चार वर्षं झाली असतील. बाहेर पाऊस, दोघं चटईवर पडलेली. तिनं लाडात येऊन विचारलं, "कशी असते हो ती? मला सांगा ना. कुणाला नाही सांगणार."

इसाओ खेकसला, "तुला काय करायचंय? चुलीकडे बघ!"

एवढा आवाज त्यानं तिच्यावर कधी चढवला नव्हता.  त्यानंतर छत्तीस वर्षं संसार झाला, पण समुद्राचं तिनं कधी काही विचारलं नाही. मासे किती मिळाले, एवढंच विचारायची. आजारपणात शेवटी शेवटी त्याच्या तोंडाशी आलं होतं, पण तिचे डोळे मिटलेले दिसले. झोपली असेल, उद्या सांगू, असं म्हणून तो उठला. नऊ वर्षं झाली त्याला.

तर असा हा आमचा शेवटचा दर्यावर्दी. आणि त्याच्या दारात वही घेऊन बसलेली लिजेमा.

त्यानं टाळाटाळीचे सगळे प्रकार केले. गुडघा झाला, पोट झालं, रविवार झाला. वारा नाही म्हणाला, मग वारा फार आहे म्हणाला. ती हटेना. शेवटी त्यानं मामाचीच युक्ती काढली, पण कटकट टाळायला.

"तू असं कर. रोज पहाटे भिंतीबाहेर पाण्यावर उताणी पडून राहायचं. डोळे बांधून. सूर्य डोक्यावर येईपर्यंत. दोन आठवडे. मग बघू."

त्याला वाटलं, शहरातली पोर, तिसऱ्या दिवशी सर्दी होऊन पळेल. पण ती गेली नाही. इसाओच्या होडीचा सुकाणूवाला जेल्टन तिला रोज सोडायला आणि आणायला जायचा. संध्याकाळी तोच येऊन म्हाताऱ्याला हकिगत सांगायचा. "काका, पोरीची बोटं भिजून सुकटासारखी झालीत. पण उठत नाही हो. तुमची खरी शिष्या!" इसाओ हसल्यासारखं करायचा. 

पंधराव्या दिवशी पहाटे भरतीबरोबर तिघं दक्षिणेला, वोट्जेकडे निघाले. उलांडीची, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला ओंडका बांधलेली लांब होडी, मागे सुकाणूवर जेल्टन, मध्ये इसाओ, पुढे लिजेमा. खायला आंबवलेला निरफणस, भात आणि डब्यातला मासा. शिवाय एक प्लास्टिकचा डबा होता. त्यात उपग्रहावरून वाट दाखवणारं यंत्र, वरून चिकटपट्टीनं बंद केलेलं. वाटेत उघडायचं नाही, अशी बोली होती. उघडलं तर परीक्षा संपली.

"वारा असाच राहिला तर सांजेला वोट्जे," जेल्टन म्हणाला. "तुमची नेहमीची वेळ, काका."

इसाओचा सगळा डाव त्या सांजेवरच होता. पाखरं परतायला लागली की दिशा कळणार. मग पोरीनं काहीही सांगितलं तरी तो हळूच दुरुस्त करून 'हो' म्हणणार. तिला नाव मिळेल, आपलं नाव राहील, कोशात चार ओळी जातील. कुणाचं काय बिघडलं? असं त्यानं मनाला अनेकदा समजावलं होतं.

दहाच्या सुमारास आयलुक मागे बुडालं. दुपारी आभाळ उतरलं. पाऊस असा काही नाही, नुसतं धुरकट, चारी बाजूंनी राखाडी. सूर्य कुठे आहे तेही कळेना. आमच्याकडचा प्रवाह पश्चिमेला ओढतो, हे पोरंसोरंही जाणतात. जेल्टन अस्वस्थ झाला.

"काका, आपण पश्चिमेला घसरलोय असं वाटतंय. डावीकडे घेऊ का?"

"थांब जरा," इसाओ म्हणाला. त्यालाही तसंच वाटत होतं.

लिजेमा केव्हाची होडीच्या तळाशी आडवी पडली होती. अंगाखाली पाणी खुळखुळत होतं, तिचे केस त्यात भिजत होते. डोळे मिटलेले. एकाएकी तिचा हात वर आला.

"आजोबा."

"काय?"

"काहीतरी लागतंय. थांबा. मोठी लाट डावीकडून उचलते ना, ती उतरायला लागली की मध्येच उजवीकडून, पुढून काहीतरी ढकलतं. गर्दीत कुणी कोपर मारावं तसं, पण अगदी हळू. मग नाही. मग परत." ती जरा थांबली. "आत्ता! आता परत! आजोबा, हीच का?"

इसाओनं आभाळात पाखरू शोधलं. एकही नव्हतं.

"प्रत्येक उसळीत नाही येत. तीन झाल्या की चौथीला येते. भिंतीबाहेर पडून राहायचे तेव्हा शेवटचे चार दिवस असंच व्हायचं, पण जवळून, जोरात. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं हसाल. हीच का, सांगा ना!"

"उजवीकडून म्हणतेस?" जेल्टन ओरडला. "म्हणजे आपण पूर्वेलाच आहोत आणि वोट्जे तिकडे उजवीकडे? छे! उजवीकडे वळलो आणि तिथे काही नसलं तर क्वाजालेनपर्यंत नुसतं पाणी आहे. काका, बोला काहीतरी. डावीकडे की उजवीकडे?"

दोघंही त्याच्याकडे बघायला लागले. लिजेमा कोपरावर उठली होती. तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड होता की इसाओला तो बघवेना. हो म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द. पन्नास वर्षं तो हेच तर करत आला होता. आणि नाही म्हणणंही सोपंच होतं. नाही गं, ती नव्हे, अजून शिकायचंय तुला. मग जेल्टन डावीकडे वळणार, सांजेला पाखरं दिसणार, इसाओ पुन्हा इसाओ.

पण ही उद्या चाळीस पोरांना घेऊन दर्यात जाणार. तिच्या पाठीला लागलेलं खरं असलं आणि आपण नाही म्हटलं, तर जे खरं होतं ते आज या होडीत आपल्या हातानं मेलं. खोटं असलं आणि आपण हो म्हटलं, तर कधीतरी कुणाचं तरी पोर राखाडी पाण्यात वळत राहील, आणि त्याच्याजवळ चिकटपट्टीचा डबा नसेल.  मामा आठवला, लिबोन आठवली, आणि आपण किती भेकड माणूस आहोत ते त्याला स्वच्छ दिसलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे? नीट लागली नाही तुम्हाला? आडवे पडा ना तुम्ही, मी सरकते."

"पोरी, ऐक. मला ती कधी कळलीच नाही. कधीच नाही. मामाला मी खोटं सांगितलं. इरोजला खोटं सांगितलं. मी पाखरं बघून होड्या नेल्या. तुला लागली ती तीच आहे की दुसरं काही, हे सांगायची माझी लायकी नाही."

जेल्टन फिस्सकन हसला. "काका, ही काय थट्टेची वेळ आहे?" मग त्यानं म्हाताऱ्याचं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "अरे देवा! माझ्या बापाला तुम्ही जालुइटला नेलंत! माझ्या बहिणीच्या वऱ्हाडाला नेलंत! पाखरं बघून?"

"पाखरं बघून."

"ती परीक्षा घाला खड्ड्यात!" त्यानं डब्याकडे हात टाकला.

 लिजेमा गुडघ्यांवर बसली होती, केसांतून पाणी गळत होतं. बोलली तेव्हा तिचा आवाज फुटला.

"दोन आठवडे! दोन आठवडे पाण्यात कुजवलंत मला. शिकवण म्हणून!"

"तू पळून जावंस म्हणून."

"आणि आता? आता मला कोण सांगणार हीच ती म्हणून? तुमच्याशिवाय कुणी नाही म्हणून आले ना मी! सगळ्या बेटांवर एक माणूस, आणि तोही..." पुढचा शब्द तिनं गिळला. वडीलधाऱ्याला आमच्यात तसं बोलत नाहीत. पण गिळलेला शब्दही इसाओला ऐकू आला. तिच्या डोळ्यांत जे होतं ते त्याला नवं नव्हतं. बाराव्या दिवशी पाण्यातून बाहेर आल्यापासून तो तेच घेऊन जगत होता. विचारायला कुणी नाही.

"बेट सांगेल," तो म्हणाला. "तुला लागली ती कशावर तरी आपटूनच आली असेल ना? ते असलं तर दिसेल. नसलं तर डबा आहेच. जेल्टन, हात काढ. डबा आत्ता उघडलास तर हिला जन्मभर कळणार नाही. मग ही माझ्यासारखी होईल."

जेल्टननं लिजेमाकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं आता तो ऐकणार नव्हता, हे उघडच होतं.

लिजेमानं तोंड पुसलं आणि ती पुन्हा आडवी झाली.  होडी वर चढत होती, उतरत होती. मग ती म्हणाली, "उजवीकडे घे. अजून. बस. असंच धर. अंधार पडायला लागेपर्यंत उघडायचं नाही."

त्यानंतरचे दोन तास इसाओनं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. करवंटीनं तो होडीतलं पाणी उपसत राहिला.  एकदा त्यानं भाताची पुडी पुढे केली, जेल्टननं घेतली पण मान फिरवून. लिजेमा मधूनच बोलायची, जरा उजवीकडे, आता सरळ. मध्ये बराच वेळ काहीच बोलली नाही आणि तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, तेव्हा इसाओला वाटलं, संपलं. मग पुन्हा तिचा हात हलला.

चारच्या पुढे जेल्टन उभा राहिला. एका हातात शिडाचा दोर, दुसरा कपाळावर. "काका," त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, मग त्यानं दुरुस्त केलं. "लिजेमा. अगं ए. ऊठ."

धुरकटात करड्या रंगाचा एक केसाळ पट्टा दिसत होता. नारळ. होडीच्या पुढच्या टोकासमोर अगदी, जरासुद्धा बाजूला नाही.

लिजेमानं एकदा पाहिलं आणि दोन्ही हातांत तोंड धरून ती रडायला लागली. जेल्टन "हो! हो! हो!" असा ओरडत होडी हलवायला लागला. इसाओही रडत होता, पण त्याचं रडणं वेगळं होतं. म्हणजे ती होती. खरंच होती. त्याला कितीदा वाटून गेलं होतं की मामासुद्धा खोटं बोलला असेल, त्याच्या मामानंही हो म्हटलं असेल, आणि माघारणं हा नुसता एक शब्द असेल. तसं असतं तर त्याचा गुन्हा हलका होता. पण ती होती, पन्नास वर्षं त्याच्या पाठीखालून जात होती, आणि तो पाखरं मोजत होता.

वोट्जेच्या किनाऱ्यावर गाव लोटलं होतं. रेडिओवरून बातमी आधीच पोचली होती. बायकांनी फुलांच्या माळा आणल्या होत्या, शहाळी सोलून ठेवली होती. होडी वाळूला लागताच पहिली माळ इसाओच्या डोक्यावर चढली, मग दुसरी.

"मला नको," तो म्हणाला. "वाट हिनं काढली. मी नाही. मला ती लाट कळत नाही. कधीच कळली नाही."

 मग पुढे उभी असलेली एक म्हातारी टाळी वाजवून म्हणाली, "बघा, थोर माणसाचं बोलणं कसं असतं! शिष्येला मोठेपणा देतो!" आणि सगळा किनारा हसला, तिसरी माळ चढली.

"अगं बाई, खरं सांगतोय मी!"

"हो हो, खरंच सांगताय!"

त्यानं जेल्टनकडे पाहिलं. जेल्टन होडीचा दोर बांधत होता, त्यानं वर पाहिलं नाही. आपल्या बापाला पाखरांच्या भरवशावर नेलं होतं, हे चारचौघांत सांगायला त्यालाही लाज वाटत असेल. रात्री रेडिओवर इरोजला इसाओनं पुन्हा सगळं सांगितलं, अगदी डाव्या अंगाच्या आवाजापासून. पलीकडे बराच वेळ खरखर झाली. मग इरोज म्हणाला, "दमलायस तू, इसाओ. वय झालं. पोरगी पास ना? मग झालं तर." इसाओ माळा काढून हातात घेऊन बसला. खोटं एका शब्दात खपलं होतं, आणि खरं कुणी फुकटसुद्धा घेईना.

दोन दिवसांनी ते परतीला लागले. वोट्जेची खाडी मागे पडली तशी लिजेमा होडीच्या तळातलं पाणी उपसून म्हणाली, "आडवे व्हा."

"कोण, मी? आता कशाला?"

"व्हा म्हणते ना. गुडघे दुखतात ते माहीत आहे मला."

तो कण्हत आडवा झाला, या खेपेला खरंखुरं. तिनं त्याच्या बरगडीवर तळहात ठेवला. "डोळे मिटा. लबाडी नाही. मोठी लाट उचलेल, मग मी दाबीन तेव्हा ती येतेय असं समजा. बेट अजून जवळ आहे, चांगली जोरात आहे."

होडी वर चढली. उतरताना हात दाबला. पुन्हा चढली, पुन्हा दाबला. इसाओनं होतं नव्हतं ते सगळं लक्ष पाठीत आणलं. दोर करकरत होता, जेल्टन सुकाणूवर चर्चमधलं काहीतरी गुणगुणत होता, खाली पाणी खुळखुळत होतं. हात दाबला. पाणी. पुन्हा दाबला. नुसतं पाणी, सगळीकडून सारखं.

"आली?" लिजेमानं विचारलं.

जेल्टनचं गुणगुणणं थांबलं.

"नाही," इसाओ म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. हात तिथेच होता.

"कदाचित येणारही नाही मला."

"नसेल येणार," लिजेमा म्हणाली. "हलू नका."